रत्नाची दोन उत्तरं

देवपूर, धुळे
२ फेब्रुवारी २०२५

सौ. सुनंदाबाईंना कोकिळाचा नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, इथे सगळे खुशाल आहेत. तुमची हेमांगी बरी आहे, माझा प्रेमराज वजनाने वाढतो आहे आणि आपली नात झोपेतसुद्धा बडबडते आहे. फोन न करता पत्र लिहिते ते एवढ्याचसाठी की आपण दोघी फोनवर बोलायला लागलो की हेमांगी स्वयंपाकघरातून कान देते, आणि मग प्रेमराज दोन दिवस तोंड पाडून बसतो. विहिणींनी आपलं काय ते कागदावर बोलावं. कागद मध्ये बोलत नाही.

विषय रत्नाचा आहे. प्रेमराज आणि हेमांगी नाशिकला नोकरीत अडकलेले असताना तुम्ही तिला दोन वर्षं जळगावला सांभाळलंत, याचे उपकार मी विसरलेले नाही. मी तेव्हा निवृत्त झाले नव्हते, नाहीतर मीच ठेवून घेतलं असतं. आता गेल्या जूनपासून सगळे माझ्याकडे आले आणि रत्ना आमच्या कॉलनीतल्या बालवर्गात जायला लागली. तुम्हाला माहीतच आहे, बालवाडीच्या शिक्षिका घडवण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे तिथल्या मोनालीताई अडलं की मला बोलावतात. परवा मुलांची समज बघायची होती. मी स्वतः बसले.

चार-चार शेंगदाण्यांच्या दोन रांगा मांडल्या. विचारलं, दोन्हींत सारखेच आहेत का? रत्ना म्हणाली, हो. मग एक रांग जरा पसरवली आणि पुन्हा विचारलं. म्हणाली, नाही, ह्या रांगेत जास्त. साडेचार वर्षांच्या मुलाने असं म्हणणं वयाला धरून आहे, डोळ्याला लांब दिसतं ते त्याला जास्त वाटतं. पण मी काहीच न हलवता विचारलं, नक्की? तर म्हणाली, त्या रांगेत जास्त. लाल मणी दाखवला, लाल म्हणाली. नक्की? हिरवा. डबा खाल्लास? हो. नक्की? नाही. डबा मी उघडून पाहिला, चाटूनपुसून रिकामा होता.

सुनंदाबाई, मुलाची समज पायरी पायरीने चढते. एखाद्या पायरीवर पाय नीट रुजला नाही की पुढची डगमगते. रत्नाच्या मनात गोष्टी अजून ठरत नाहीत असं माझं मत झालं आहे. तुमच्याकडे राहून ती तोंडपाठ बरंच शिकली, पण हाताळायला काही मिळालं नसावं. यात दोष देत नाही. मात्र सुट्टीत मी तिच्यासोबत बसून रोज थोडं काम करीन म्हणते. तेव्हा यंदा अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, हेमांगी तुमच्याकडे येईल, रत्ना मात्र इथेच राहू द्यावी. कळावे, राग नसावा.

तुमची विहीण,
कोकिळा


पिंप्राळा, जळगाव
११ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार घ्या आणि सोबत थोडा रागही घ्या.

तुमचं पत्र पोस्टमननं दुकानात आणून दिलं तेव्हा मी केळी सोलत होते आणि माझे दोन्ही हात चिकाने माखलेले होते. म्हणून आमच्या ह्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी. केळीचे वेफर्स घ्यायला आलेल्या लोकांना आता ठाऊक झालं आहे की रूपचंदभाऊंच्या नातीच्या मनात गोष्टी ठरत नाहीत. एका बाईंनी तर जाताना मला कुठल्याशा काढ्याचं नाव सांगितलं.

अहो, ती पोर शंभरपर्यंत आकडे म्हणते, श्वास न घेता. गणपतीची आरती म्हणते, तीही मधलं कडवं न गाळता. आमच्या गल्लीत कोणाच्या घरी कोण पाहुणा आला ते माझ्याआधी तिला कळायचं. शितावरून भाताची परीक्षा होते, शेंगदाण्यावरून पोरीची होत नाही. आणि हाताळायला काही मिळालं नाही म्हणता? दुकानातलं एक पाकीट तिने न हाताळलेलं राहिलं असेल तर दाखवा.

मला विचाराल तर पोर तुम्हाला भिते. तुम्ही चष्मा नाकाच्या टोकावर आणून "नक्की?" असं विचारता ना, ते मी सोसलेलं आहे. साखरपुड्याला किती माणसं आणणार असं तुम्ही विचारलंत, मी पन्नास म्हटलं. तुम्ही चष्म्यावरून बघून नक्की म्हटलंत, मी पस्तीसवर आले. तेव्हा कोणी माझ्या पायऱ्या मोजल्या नाहीत.

आता आखाजीचं. हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. आखाजीला लेक माहेरी येते ती काय पोर मागे ठेवून येते? गेल्या साली निंबाला झोका बांधला तर रत्ना खाली उतरायलाच तयार नव्हती, जेवणसुद्धा झोक्यावर. गौराई मांडायला तिला माझ्यासोबत बसायचं असतं. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस मी कोणासाठी करू, ह्यांची तर साखर वाढलेली आहे. दोन वर्षं जे लेकरू माझ्या कुशीत झोपलं ते गेल्या जूनला गेलं, दिवाळीला चार दिवस आलं आणि गेलं. मी कुणाला बोलत नाही, पण दुकानाच्या गल्ल्याशेजारी तिचं स्टूल अजून तिथेच आहे आणि कोणी त्यावर बसलं की मला चालत नाही. तेवढी आखाजी माझी राहू द्या.

तुमची,
सुनंदा


धुळे
२२ फेब्रुवारी

सुनंदाबाई,

पस्तीस माणसांचं वाचून मी एवढी हसले की प्रेमराज काय झालं म्हणून विचारायला आला. त्याला सांगितलं नाही. मात्र आठवण करून देते, प्रत्यक्षात तुम्ही ऐंशी माणसं घेऊन आला होतात आणि मठ्ठा कमी पडला.

तुमचं म्हणणं मी गंभीरपणे घेतलं. चष्मा काढून ठेवला, रत्नाला मांडीवर घेतलं, आवाज मऊ केला आणि चित्र दाखवून विचारलं, ही चिमणी आहे की कावळा? चिमणी म्हणाली. मी गोड हसून पुन्हा विचारलं, खरंच चिमणी? कावळा म्हणाली, आणि तीही माझ्याकडे पाहून तितकंच गोड हसली. भ्यालेलं मूल असं हसत नाही. तेव्हा भीतीचं कारण बाद झालं.

शंभरचंही पाहिलं. तिला म्हटलं, बाळा, सात वाट्या मांड. तिने मांडणीवरच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या वाट्या खाली काढल्या आणि एकीकडे पाढ्यासारखे आकडे म्हणत राहिली. वाट्या संपल्या, आकडे चालूच. आकडा म्हणणं आणि आकडा कळणं या दोन गोष्टी आहेत, सुनंदाबाई. मूल हाताने वस्तू उचलतं, मांडतं, मोडतं, तेव्हा त्याच्या डोक्यात संख्या तयार होते. ती दुसऱ्याने तोंडात घालून होत नाही. म्हणून मी घरातही तेच धोरण ठेवलं आहे. तिचे बूट ती घालते, उलटे घातले तर घालू देते. जेवताना ज्याचं त्याने वाढून घ्यायचं, कोणी कोणाच्या ताटात वाढायचं नाही. आपल्याला भूक किती हे मुलाला स्वतःला कळायला हवं. हेमांगीला सुरुवातीला हे जड गेलं, आता रुळली.

वाळूचा प्रयोग मात्र फसला हे प्रामाणिकपणे कळवते. मुलं ओल्या वाळूचे डोंगर करतात, बोगदे करतात, त्यातून त्यांची कल्पना वाढते, म्हणून गॅलरीत वाळूची पाटी आणून ठेवली. रत्नाने पाव तास बघितलं, मग चाळणी मागितली, वाळू चाळली, माझ्या साड्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली आणि जिन्यात विकायला बसली. वरच्या मजल्यावरच्या मुलांनी घेतली देखील. तुमचं दुकान तिच्या अंगात आहे एवढं नक्की.

पण म्हणूनच सुट्टीत ती मला माझ्याजवळ हवी. आखाजीनंतर जूनमध्ये ती मोठ्या गटात जाईल, तिथे प्रत्येक गोष्टीला दोन उत्तरं देऊन भागायचं नाही. मनावर दगड ठेवा. दिवाळीला पाठवीन.

कोकिळा


जळगाव
७ मार्च

विहीणबाई,

दगड ठेवायला मन मोकळं पाहिजे ना, ते तुमच्यावर रागावण्यात गुंतलं आहे.

तरी मी तुमचं शास्त्र करून पाहिलं, उगाच नावं ठेवायची नाहीत म्हणून. घरात लहान मूल नाही, तेव्हा आमच्या ह्यांना बसवलं. काउंटरवर वेफर्सच्या पाकिटांच्या दोन रांगा लावल्या, चार-चारच्या. विचारलं, सारखी आहेत का? म्हणाले, हो. एक रांग लांब केली. आता? म्हणाले, सारखीच की. मी म्हटलं, नक्की? तर गड्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, ह्या रांगेत जास्त असतील. मी कपाळाला हात लावला. अहो, दुकान चालवता आणि चार पाकिटं कळत नाहीत? तर म्हणतात कसे, "पाकिटं कळतस माले. पन तू दुसरांदाव इचारं म्हनजे पयलं उत्तर तुले आवडनं नही, इतलं कळाले मी संसार नही करा का?" तर तुमच्या पायऱ्यांच्या हिशेबाने आमच्या ह्यांना बालवर्गात पाठवावं लागेल. फी सांगा.

आता मला जे खरं लागलं ते लिहिते. तुम्ही म्हणता ज्याचं त्याने वाढून घ्यायचं. अहो, ही कुठली रीत? खानदेशात आपण पाहुण्याला एकदा विचारून पातेलं उचलतो का? रत्नाला मी वळण लावलंय, कुणी काही पुढे केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. लगेच हात पुढे केला तर लोक हावरट म्हणतात, आणि लेकीच्या जातीला तर दोनदा म्हणतात. समोरच्याने पुन्हा म्हटलं की मग घ्यायचं, त्याचं मन मोडायचं नाही. किती पटकन शिकली. आजोबा ज्वारीचा पापड पुढे करून विचारायचे, "माय, बिबडं खाशी का?" ही म्हणायची, "नको माले." "खाय ना माय." लगेच, "दे." दुकानात गिऱ्हाइकाला चवीला वेफर द्यायचा तर तेच. गिऱ्हाईक नको म्हणतं, हे म्हणतात घ्या तर खरं, आणि मग मूठभर जातं. स्टुलावर बसून हे सगळं ती बघायची आणि एखाद्याने पहिल्याच वेळी हो म्हटलं तर माझ्या कानात सांगायची, आजी, ह्या माणसाला कुणी शिकवलं नाही.

तुमच्या घरी दुसऱ्यांदा कुणी म्हणतच नसेल तर पोर अर्धपोटी उठत असेल. दिवाळीला आली तेव्हाच मला गाल उतरलेले दिसले होते, बोलले नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, वाळूबिळू जे करायचं ते करा, पण लेकराला आग्रह करून वाढा. एवढं तरी विहिणीचं ऐका.

सुनंदा


धुळे
१८ मार्च

सुनंदाबाई,

तुमचं पत्र होळीच्या आदल्या दिवशी आलं. एकदा वाचलं, पाणी प्यायले, पुन्हा वाचलं.

तुम्ही जेवणाचं लिहिलंत आणि मला शेंगदाण्यांचं उत्तर मिळालं. तुम्हाला ते लिहिताना ठाऊक नव्हतं, आणि मलाही इतके दिवस सुचलं नाही. रत्नाच्या मनात गोष्टी अगदी पक्क्या ठरलेल्या आहेत. पहिलं उत्तर हे शिष्टाचाराचं. समोरच्याने पुन्हा विचारलं की त्याचं मन मोडायचं नाही, उत्तर बदलायचं. तिला वाटलं, लाल म्हटलं तरी आजी पुन्हा विचारते आहे, म्हणजे आजीला लाल नको आहे. मग बिचारीने हिरवा देऊ केला. मी परीक्षा घेत होते आणि ती माझा पाहुणचार करत होती.

खात्री करून घेतली. शेंगदाणे मांडले, रांग पसरवली, एकदाच विचारलं आणि तोंड घट्ट मिटून बसले. माझ्यासारखीला हे किती अवघड आहे ते तुम्ही जाणता. तिने दोन्ही रांगांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "सारखाच शेतस. तू फक्त दूर दूर ठेवा." मग मी सरळ विचारलं, रत्नू, मी पुन्हा विचारलं की तू दुसरं का सांगतेस? म्हणाली, "तुले पयलं नको व्हतं ना."

शास्त्र खोटं नाही, सुनंदाबाई, तेवढं मी सोडणार नाही. पायऱ्या असतात. सात वाट्यांचं अजून शिकायचंच आहे. पण त्याच शास्त्रात दुसरंही एक म्हणणं आहे, आणि ते मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले. मूल एकटं बसून शिकत नाही, माणसांच्या बोलण्याचालण्यातून शिकतं. आधी दोघांमध्ये जे घडतं तेच नंतर त्याच्या आत जातं. हे मी फळ्यावर लिहायची. माझ्याच नातीवर वेळ आली तेव्हा मला शेंगदाणे दिसले, तुमच्या दुकानातलं स्टूल दिसलं नाही.

मोनालीताईंना सांगितलं तर त्यांनी वर्गात करून पाहिलं. खेड्यावरून येणारी निम्मी मुलं दुसऱ्यांदा विचारलं की उत्तर बदलतात. आता आम्ही "नक्की?" हा शब्द वर्गातून काढून टाकला आहे. त्याऐवजी विचारतो, "कसं ओळखलंस?" मुलं काय काय सांगतात म्हणून सांगू. एकाने सांगितलं, कावळा आहे कारण तो माझ्या पप्पांसारखा ओरडतो.

एक गोष्ट मात्र मला सलते. इथे आल्यावर पहिला महिनाभर रत्ना प्रत्येक गोष्टीला नको म्हणायची आणि मी तिच्या मताचा मान राखून वाटी उचलून न्यायची. ती वाटीकडे बघत राहायची. मला वाटायचं, घर नवीन आहे, रुळेल. आता तिला दोनदा म्हणते, कधी तीनदाही. काल शिरा वाढताना चौथ्यांदा म्हटलं तर हेमांगी म्हणाली, आई, पोट आहे ते तिचं.

आखाजीचं नंतर बघू. यंदा उन्हाळा फार कडक आहे म्हणतात. एवढ्या उन्हात लेकराला बसमधून न्यायचं म्हणजे विचार करावा लागेल.

तुमची,
कोकिळा


जळगाव
२८ मार्च

विहीणबाई,

पत्र ह्यांनी पुन्हा दुकानात मोठ्याने वाचलं, ह्या वेळी मुद्दाम. काढा सांगणाऱ्या बाईंना बोलावून ऐकवलं. त्यांनी दोन पाकिटं जास्त घेतली.

तुम्ही चूक कबूल केलीत तेवढ्यावर मी खूश होते असं समजू नका, मी त्याहून जास्त खूश आहे. आणि तुमचं शंभराचं म्हणणं मलाही पटलं. शेजारच्या रत्नाएवढ्या पोरीला मी सहज म्हटलं, पाच केळी दे, तर तिने केळ्यांची अख्खी फणीच उचलून दिली. आकडे तिलाही शंभरपर्यंत येतात. म्हणजे आपण सगळ्याच आज्या पोरांना आकड्यांची आरती शिकवत होतो. रत्ना आली की पाकिटं मोजूनच भरायला लावीन.

आता आली की, असं मी लिहिलं ते वाचलंत ना? ऊन म्हणे कडक. ऊन काय धुळ्याला पडत नाही? गेली आखाजी काय थंडीत झाली? पहिलं कारण शेंगदाण्याचं होतं, ते गेलं. मग ऊन आलं. तुमच्यासारखी बाई पावसाळ्यात छत्री न घेता शाळेत जायची असं प्रेमराज सांगतो, आणि तुम्ही उन्हाची सबब सांगता?

मी बाई सरळ विचारते, मला आडून बोलता येत नाही. माझ्या घरात काही खुपतं का तुम्हाला? आमचं दुकान, आमची बोली, पोर इथे येऊन अहिराणी बोलायला लागते, ते नको वाटतं का? तसं असेल तर तसं सांगा. वाईट वाटेल, पण उन्हापेक्षा बरं वाटेल.

सुनंदा


धुळे
८ एप्रिल

सुनंदाबाई,

तुमच्या घरात मला काहीही खुपत नाही. अहिराणी तर मी स्वतः शिरपूरला तीच बोलत वाढले, मास्तरीण झाल्यावर मागे पडली. रत्ना बोलते तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत काम काढून ऐकत बसते.

तुम्ही सरळ विचारलंत, तर सरळ सांगते. हे गेल्यानंतर पाच वर्षं मी ह्या घरात एकटी होते. तेव्हा सवय होती. सकाळी दोन भाकऱ्या टाकायच्या, एक संध्याकाळी खायची. स्वतःला कोण आग्रह करणार? कदाचित म्हणूनच मला रत्नाचं कोडं उलगडलं नाही, माझ्या स्वयंपाकघरातून ती रीतच निघून गेली होती. मग जूनमध्ये हे तिघे आले आणि माझी एकटं राहायची सवय मोडली. दिवाळीत हेमांगी रत्नाला घेऊन तुमच्याकडे आली, प्रेमराज तिला सोडायला आला तो तिकडेच राहिला. ते चार दिवस मी दर तासाला घड्याळ बघत होते. आखाजीला आठ दिवस म्हणजे मला धडकीच भरली. पायऱ्या, शेंगदाणे, ऊन, हे सगळं मी खरं मानूनच लिहिलं होतं, पण ते मला हवंसं होतं म्हणून लवकर खरं वाटलं.

माझ्या माहेरी आता कोणी नाही. भाऊ होता तोवर आखाजीला तो न चुकता न्यायला यायचा, निवृत्तीला आलेल्या बहिणीला सुद्धा. तो गेला, भाचे सुरतला गेले, शिरपूरचं घर विकलं. ह्या वयात त्याचं काय रडायचं, पण आखाजीला गल्लीतल्या सगळ्या बायका कुणाची ना कुणाची वाट बघत असतात, आणि मी दार लावून वाचत बसते.

असो. तुमची नात तुमच्याकडे येईल. हेमांगीला मी कालच सांगितलं, आठच्या ऐवजी दहा दिवस राहा. झोका तिला उंच देऊ नका, हात सोडते. मी इथे बरी आहे. मोनालीताईंना सुट्टीसाठी खेळ करून हवे आहेत, ते करत बसेन.

तुमची,
कोकिळा


जळगाव
१५ एप्रिल

कोकिळाताई,

विहीणबाई असं आज लिहिवत नाही.

तुमचं पत्र ह्या वेळी ह्यांना मोठ्याने वाचू दिलं नाही. मीच आधी वाचलं आणि मग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, दुकानाचं शटर ओढलं आणि घरी आले. भर दुपारी शटर ओढलेलं मी एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

एवढंच कळवायला लिहिते की हेमांगी आणि रत्ना प्रेमराजसोबत पंचवीसला येतील. त्यांना न्यायला कुणी येणार नाही, जावई खंबीर आहे. आमचे हे अठ्ठावीस तारखेला धुळ्याला येत आहेत ते तुम्हाला न्यायला. लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो ना, मुराळी म्हणून, तसे. मी म्हटलं, अहो, विहिणीला आखाजीला आणतात असं कुठे ऐकलंय? लोक काय म्हणतील? तर म्हणाले, "म्हनू दे. तिना भाऊ नही, माले बहीन नही." मग मी हो म्हटलं, कारण दोन्ही खरं आहे.

साडी मी घेऊन ठेवली आहे, रंग विचारू नका, तुम्हाला आवडणार नाही असाच घेतला आहे म्हणजे तुम्ही नेसाल तरी. खापर चढवायचं माझ्याकडे, पोळी हातावर वाढवायची तुमच्याकडे. येत नसेल तर वाढवत वाढवत शिका, पायरी पायरीने.

सुनंदा


धुळे
२८ एप्रिल, दुपार

सुनंदा,

हे पत्र टपालात टाकत नाही. माझ्याच पिशवीत येईल आणि मी तुझ्या हातात देईन, कारण जे सांगायचं आहे ते तोंडाने सांगायला लागले तर मला रडू येईल आणि रूपचंदभाऊंना बसमध्ये अवघड होईल.

प्रेमराजचं बोलणं तू ऐकायला हवं होतंस, त्याने तिघांचंही जाणं लांबवलं. म्हणाला, आई, तुला न्यायला मुराळी येताना मला बघायचं आहे, मग सगळे एकदमच जाऊ. म्हणून पंचवीसला कोणी आलं नाही आणि तुला फोनवर खोटी कारणं सांगितली गेली. त्याबद्दल रागावायचं ते जावयावर रागाव.

रूपचंदभाऊ सकाळीच आले. हातात केळीच्या वेफर्सची पिशवी आणि डोक्यावर नवी टोपी. बसा म्हटलं तर उंबऱ्यातच उभे राहिले आणि मला विहीणबाई न म्हणता अक्का म्हणाले. माझा भाऊ धाकटा होता, तोही अक्काच म्हणायचा. मी पदर तोंडाला लावून आत गेले आणि चहात साखर घातली की नाही ते मला आठवेना. तो बिनसाखरेचाच निघाला, त्यांनी तसाच प्यायला. त्यांना साखर चालत नाही हे मला त्यानंतर आठवलं, तेव्हा एका परीने बरंच झालं.

मी कपाट उघडून साड्या काढत होते तेव्हा शेजारच्या कोकणेबाईंनी खिडकीतून रत्नाला विचारलं, काय गं, आई माहेरी चालली का? तुझी पोर ती, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "मनी आजीबी माहेरले जाई राह्यनी." कोकणेबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, हो, जाते आहे.

कित्येक वर्षांनी हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, सुनंदा. म्हणून मी ते जरा मोठ्यानेच म्हटलं. आता पत्र इथेच थांबवते. खाली रिक्षा उभी आहे, प्रेमराज पिशव्या घेऊन उतरला आहे आणि जिन्यातून तुझे हे हाक मारत आहेत, "अक्का, चला, पारोळ्याच्या पुढे ऊन लागतं."

कोकिळा